पेटीवर लिवलं तेच पेटीत

तायडे मॅडम वायर ओढायच्या. त्यांची ओळख करून द्यायची तर मी इथूनच सुरुवात करीन. शिक्षण, गाव, वय हे सगळं नंतर, आधी वायर.

आमची कंपनी अमरावतीत राजापेठेच्या मागच्या बाजूला, एका हार्डवेअरच्या दुकानावरच्या मजल्यावर होती. खाली दिवसभर पत्रे आदळायचे आणि वर आम्ही रक्तपेढ्यांसाठी सॉफ्टवेअर बनवायचो. रक्त कोणी दिलं, कोणत्या गटाचं, तपासणीत काय निघालं, पिशवी द्यायची की थांबवायची, सगळा हिशेब त्याच्यात. पोरं कोड लिहायची, मी फोनवर पेढ्यांच्या शिव्या खायचो आणि पोरांनी लिहिलेलं सगळं एका पॅकेटमध्ये बांधून, त्याला नंबर देऊन, सही ठोकून पेढ्यांकडे धाडायचं काम रत्नमाला तायडे यांचं.

पॅकेट बांधून झालं की त्या खुर्चीवरून उठायच्या आणि कोपऱ्यातल्या एका डबड्या कॉम्प्युटरकडे जायच्या. त्याला सगळे 'कोरा' म्हणायचे. त्याच्यावर काहीही ठेवायचं नाही, गाणी नाही, फोटो नाही. दर खेपेला तो पुसायचा आणि आपण जणू चांदूर बाजारच्या दवाखान्यातले कारकून आहोत अशा थाटात पॅकेट त्याच्यावर चढवायचं. चढलं, चालू झालं, पिशव्यांची माहिती भरणं सुरू झालं, की मॅडम खाली वाकून भिंतीतली वायर खस्सकन ओढायच्या. कॉम्प्युटर मरायचा. नवीन आलेलं पोरगं दचकायचं.

"मॅडम, हे काहून?"

"वऱ्हाडात ऱ्हायतं ना रे तू? लाइट जाते का नाई तुह्या घरी? मंग पेढीत नाई जाणार काय?"

मग वायर परत लावायची, कॉम्प्युटर चालू करायचा, आणि अर्धवट भरलेल्या पिशवीचं काय झालं ते बघायचं. थांबवलेली पिशवी थांबलेलीच दिसली पाहिजे. दिसली की मॅडम सही करायच्या, आणि त्यानंतरच चहा. त्याआधी कोणी कप पुढं केला तर अशा बघायच्या की माणूस कप घेऊन आल्या पावली परत.

त्या वलगावच्या. स्कूटीवर यायच्या, उन्हाळ्यात तोंडाला पांढरा दुपट्टा गुंडाळून, नुसते डोळे बाहेर. पौर्णिमेला पांढरी साडी, कारण संध्याकाळी परस्पर विहारात जायचं असे. बोलणं असं रोखठोक की पुण्याहून आलेल्या एका पोरीनं पहिल्या आठवड्यात मला विचारलं, मॅडम माझ्यावर चिडल्यात का? मी म्हटलं, बाई, त्या तुझं कौतुक करत होत्या.

त्यांचे वडील मोर्शीकडे संत्र्याच्या शेडमध्ये पेट्या भरायचे. व्यापाऱ्याची रीत ठरलेली, वरच्या थरात चकचकीत फळ आणि खाली डागी. वडिलांनी तसं भरायला नकार दिला, शेड सोडावी लागली, आणि घर काही दिवस मिरची-भाकरीवर गेलं. मॅडम ही गोष्ट मोठेपणा म्हणून सांगत नसत. उलट म्हणायच्या, "बाबाले अक्कल नोती. पोट्टे घरी उपाशी अन् हा चालला पेटी सांभाळाले." एवढं म्हणून झालं की पुढचं वाक्य ठरलेलं असायचं: "पण गोठ खरी हाय. पेटीवर लिवलं तेच पेटीत पायजे."

हे वाक्य त्या कशालाही लावायच्या. एकदा पोरांनी गंमत म्हणून त्यांच्या टिफिनचे डबे बदलले, वरणाच्या डब्यात भाजी आणि भाजीच्या डब्यात वरण. डब्यांवर मॅडमनी स्वतःच्या अक्षरात चिठ्ठ्या चिकटवलेल्या. आता यात बिघडलं काय? खाणारं तोंड एकच. पण मॅडमनी झाकण उघडलं, आत पाहिलं, झाकण लावलं आणि जेवल्याच नाहीत. दुसऱ्या दिवशी पोरांनी माफीचे दह्यातले गिलावडे आणले, ते मात्र सगळ्यांच्या आधी खाल्ले.

आणि नंबरांचं तर काही विचारू नका. पॅकेट एकदा ऑफिसच्या बाहेर गेलं, मग ते एकाच पेढीत गेलेलं असो, तो नंबर जळला. आत चूक निघाली तर पॅकेट दुरुस्त करायचं, पण नंबर पुढचा द्यायचा. त्यामुळे आमच्या नंबरांत मध्येमध्ये भोकं असायची. पाच-दोन-तीननंतर एकदम पाच-दोन-पाच. कोणी विचारलं की चौथा कुठं गेला, तर म्हणायच्या, "मेला. मेलेल्याचं नाव दुसऱ्या लेकराले नाई देत आपण." एरवी मालकापुढे मान खाली घालणारी ही बाई एवढ्या एका गोष्टीवर भांडायला उठायची. कारण विचारलं तर सरळ होतं. पेढीतून फोन आला की आपण पहिला प्रश्न हाच विचारतो ना, तुमच्याकडे कोणता नंबर आहे? त्या नंबरावर भरवसा नसेल तर फोनवर बसलेल्या राऊतनं काय कपाळ फोडून घ्यायचं? राऊत म्हणजे मी.

मालकांना सगळे विजूभाऊ म्हणायचे. माणूस वाईट नव्हता, हे मला मुद्दाम सांगायचंय. पोरांच्या लग्नांना जायचे, आजारपणात गाडी पाठवायचे. तर एका उन्हाळ्यात विजूभाऊंनी ऑफिस नवं केलं. भिंतींना रंग, नवे टेबल, आणि जुने डबडे कॉम्प्युटर भंगारात काढून सगळ्यांना लॅपटॉप. त्यात 'कोरा'ही गेला. मॅडमनी थोडी कुरकुर केली, पण नवा लॅपटॉप कोपऱ्यात मांडला, पुसला, कोरा केला, वर कापड घातलं.

सहा-चार-एकचं पॅकेट त्यांनी त्याच्यावर तपासलं. चढवलं, पिशव्या भरल्या, सवयीनं वाकल्या आणि वायर ओढली. उभ्या राहिल्या, पडद्यावर पाहिलं. थांबवलेली पिशवी थांबलेलीच होती. सही केली, चहा घेतला.

लॅपटॉपला बॅटरी असते. वायर ओढली तरी तो मरत नाही. एवढी वर्षं त्या हातानं वायर ओढली की कॉम्प्युटर मेलाच होता, म्हणून या खेपेला तो मेलाच नाही हे डोळ्यांना दिसलंच नाही.

त्या पॅकेटमध्ये नेमकी तीच चूक होती. माहिती भरताना लाइट गेली तर चालू झाल्यावर थांबवलेली पिशवी 'देण्यास योग्य' दिसायची. मोर्शीच्या पेढीतल्या एका सिस्टरच्या ते लक्षात आलं, तिनं मला फोन केला. मी मॅडमकडे गेलो. मी बोलत होतो तोवर त्या कोपऱ्यातल्या लॅपटॉपकडे बघत होत्या. मग उठल्या, कापड बाजूला केलं, आणि लॅपटॉप उलटा करून बॅटरीवर बोट ठेवलं.

"म्या वायर ओढली," त्या म्हणाल्या. "राऊत, म्या खरंच ओढली रे."

संध्याकाळच्या आत पोरांनी चूक दुरुस्त केली. मॅडमनी पॅकेट बांधलं, या वेळी खालच्या दुकानातून जुना कॉम्प्युटर मागून आणून तपासलं, आणि नंबर घातला सहा-चार-दोन. तेव्हा विजूभाऊ आले.

सरकारी मंजुरी सहा-चार-एकला मिळाली होती. मुंबईहून, महिनोन्महिने खेटे घातल्यावर. त्या वर्षीपासून पेढ्यांना मंजूर नंबर सोडून दुसरा वापरायची परवानगी नव्हती. सहा-चार-दोन म्हटलं की परत नवी मंजुरी घेणं आलं.

"मॅडम, तोवर पेढ्या काय करतीन? जुनं सडकंच वापरतीन ना?" विजूभाऊ म्हणाले. "नंबर तोच ठेवा. आतलं बदला. आज रातच्याले सगळ्यायच्या घरी चांगलं पॅकेट पोचते. तुमचा नंबर महत्त्वाचा, का पेशंट?"

"भाऊ, एका नंबराच्या दोन पेट्या होतीन. कोणाकडे कोणती हाय, कसं समजन?"

"फोन करू ना एकेकाले. राऊत आहे, मी आहे."

"नाई भाऊ. तो नंबर जळला."

विजूभाऊंनी त्या सहा-चार-दोनवर बोट ठेवलं. मग अगदी हळू आवाजात म्हणाले, "मॅडम, हे सुटलं कोणाच्या हातून?"

बस्. दुसरं काही बोलले असते तर त्या भांडल्या असत्या, मला खात्री आहे. त्या खाली बसल्या. सहा-चार-दोन खोडला, सहा-चार-एक लिहिला आणि सही केली. सही म्हणजे कागदावरची नव्हे. प्रत्येक पॅकेटवर कॉम्प्युटरची एक लांबलचक सही उमटते, आतलं एक अक्षर बदललं तरी ती बदलते, आणि तिचा पासवर्ड फक्त मॅडमकडे होता. त्या दिवशी त्यांनी चहा घेतला नाही.

आम्ही पेढ्यांना फोन केले. आधी जुनं काढा, मग नवं चढवा, असं एकेकाला कॉम्प्युटरसमोर बसवून मी फोनवरच करून घेतलं. अकोल्याचा फोन विजूभाऊंनी स्वतः केला, तिथले डॉक्टर त्यांच्या ओळखीचे होते. तिथल्या टेक्निशियननं, इंगळे त्याचं नाव, जुनं न काढताच नवं पॅकेट चालवलं. पॅकेटनं पाहिलं, आत सहा-चार-एक आहे, आपणही सहा-चार-एक. 'ही आवृत्ती आधीच आहे' असं लिहून ते बंद झालं. इंगळेनं फोनवर सांगितलं, हो साहेब, सहा-चार-एक दाखवून राह्यलं. विजूभाऊ म्हणाले, झालं मग. यात खोटं कोण बोललं? कोणीच नाही. नंबर तोच होता ना.

पावसाळा गेला. अकोल्यात पायल नावाची एक पोरगी होती, थॅलेसेमियाची. अशा लेकरांचं रक्त अंगात टिकत नाही, दर थोड्या आठवड्यांनी त्यांना बाहेरून रक्त चढवावंच लागतं. तिची आई डाळ मिलमध्ये डाळ निवडायला जायची. पायलचे डोळे पिवळे झाले. तपासलं, तर रक्तातून येणारी कावीळ, ती जी लिव्हरमध्ये मुक्काम करते. मागं मागं जात शोध एका पिशवीपर्यंत पोचला. तपासणीच्या मशीनच्या कागदावर त्या पिशवीत दोष स्पष्ट होता. कॉम्प्युटरात मात्र ती 'देण्यास योग्य' होती.

आणि सगळं इंगळेवर आलं. थांबवलेल्या पिशव्यांचा फ्रिज बंद पडला म्हणून त्यानं सगळ्या एकाच फ्रिजमध्ये ठेवल्या होत्या, हेही निघालं. कंत्राटी माणूस, एकटा दोन माणसांचं काम ओढणारा. कॉम्प्युटरवर विश्वास ठेवला आणि पिशवीवर लेबल लावलं. चौकशीवाल्यांनी ठरवलं की त्यानंच कॉम्प्युटरात हातानं बदल केला, आणि त्याला कामावरून काढलं. आमच्या कंपनीनं लेखी दिलं की अकोल्यात दुरुस्त केलेलं सहा-चार-एक होतं, त्यात ही चूक होणं शक्य नाही.

मॅडमनी ते वाचलं आणि विजूभाऊंच्या केबिनमध्ये गेल्या. दार उघडंच होतं, आम्हाला सगळं ऐकू येत होतं.

"भाऊ, अकोल्यातली सही पायली का कोणी?"

"नंबर बरोबर आहे मॅडम."

"नंबर मले नका सांगू. सही पायली का?"

"तुम्हाले समजते का तुम्ही काय बोलून राहिल्या? कंपनी बुडन. हे वीस घरं आहेत. आणि पह्यले नाव कोणाचं येईन? तुमचं."

"येईन ना. माहंच हाय ते."

दुसऱ्या दिवशी त्या बडनेऱ्याहून गाडीनं अकोल्याला गेल्या. मला सोबत चल म्हणाल्या नाहीत, मी आपणहून गेलो. चौकशीची खोली म्हणजे दवाखान्यातलं एक भांडार, एका बाजूला खोकी रचलेली. तीन साहेब, इंगळे, आणि दाराशी पायलची आई. मॅडमनी पेढीच्या कॉम्प्युटरवरचं पॅकेट उघडून दाखवलं, आणि आपल्याकडची दोन्ही पॅकेटं. नंबर एक, सह्या दोन. अकोल्यात पहिली होती.

एक साहेब म्हणाले, "म्हणजे एकाच नंबरानं दोन वेगवेगळी सॉफ्टवेअर दिली? असं कोण करतं?"

"म्या केलं," मॅडम म्हणाल्या. "चुकीच्या पॅकेटवर सही माही. दुरुस्त पॅकेटले तोच नंबर देला, ते सही बी माही. या माणसानं काई नाई केलं. यानं पेटीवर लिवलं ते वाचलं."

इंगळे रडायला लागला. मला वाटलं आता पायलची आई काही तरी बोलेल, ओरडेल, मॅडमच्या अंगावर धावून येईल. मी मध्ये उभा राहायच्या तयारीत होतो. तिनं मॅडमकडे पाहिलं, डोक्यापासून चपलेपर्यंत, आणि निघून गेली.

इंगळेला नोकरी परत मिळाली. कंपनीची मंजुरी गेली, वर्षभरात शटर खाली आलं. वीस घरांतली काही खरंच हलाखीत गेली आणि त्या घरांतून मॅडमला काय काय बोलल्या गेलं ते मी इथं लिहीत नाही. ज्यांच्या वाटेला त्या कधी गेल्या नव्हत्या, त्यांनीही तोंडसुख घेतलं. मॅडमवर खटला सुरू झाला, तो अजून सुरूच आहे. मला राग येतो, आजही येतो, पण कोणावर काढायचा हे ठरत नाही. विजूभाऊंवर काढावा तर ते त्या दिवशी पेशंटचंच म्हणत होते. मॅडमवर काढावा तर जीभ रेटत नाही. पोरगी तर बरी व्हायची नाहीच.

मी आता लेबल छापायचे प्रिंटर विकतो, दुरुस्त करतो. मागच्या मे महिन्यात अकोल्याच्या त्याच पेढीतून फोन आला. दुपारची वेळ, रस्त्यावर कुत्रं नाही. आत कूलर घरघरत होता, आणि त्याच्यासमोरच्या बाकावर तायडे मॅडम बसलेल्या. दुपट्टा मांडीवर, केस पार पांढरे झालेले.

"राऊत? वाळला बावा तू."

मी शेजारी बसलो. समोरच्या खाटेवर पायल पाय हलवत पडली होती, पिवळी, काटकुळी. तिची आई आमच्याकडे पाठ करून बसली होती.

"तुम्ही इथं?"

"तिले रक्त चढवाचं असलं का येते मी. वलगावहून पह्यल्या बसनं निंगते."

"आई बोलते तुमच्याशी?"

"नाई. काहून बोलन ते?"

"मग येता कशाले मॅडम? कोर्टात तर बोलवतातच तुम्हाले. हे अजून कशाले अंगावर घेता?"

त्यांनी दुपट्ट्याची घडी मोडली आणि परत घातली. "तिनं बलावलं. इंगळेच्या हाती निरोप धाडला. म्हणे, सही तिची होती ना, मंग आता वाचाले बी तिलेच यावं लागन."

तेवढ्यात सिस्टर पिशवी घेऊन आली. पायलच्या आईनं ती तिच्या हातातून घेतली आणि मान दुसरीकडे ठेवूनच हात मॅडमकडे लांब केला. मॅडमनी चष्मा लावला. पिशवीचा नंबर वाचला, आत जाऊन कॉम्प्युटरवर पाहिला, मग मशीनच्या कागदावर पाहिला. इंगळे न सांगता बाजूला सरकला. परत येऊन पिशवी आईच्या हातावर ठेवली.

"बरोबर हाय."

आईनं पिशवी सिस्टरला दिली. सिस्टरनं ती वर टांगली, पायलचा दंड धरला, आणि लाइट गेली. कूलर घरघरत थांबला. आता त्या पेढीत कॉम्प्युटरला बॅटरी आहे, पिशवी तपासून झालेली आहे, आता कशानं काही बदलणार नव्हतं, हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं. तरी मॅडम उठल्या. अंधाऱ्या खोलीत भिंतीला हात लावत लावत आत गेल्या.

"आई, टोचा म्हण ना तिले आता लवकर," पायल म्हणाली.

आईनं सिस्टरचं मनगट धरून ठेवलं होतं. सिस्टरही हलली नाही. घामाच्या धारा लागल्या, बाहेर जनरेटर एकदा खोकला, दोनदा खोकला, मग लागला. आतून मॅडमचा आवाज येईपर्यंत आईनं ते मनगट सोडलं नाही.

"हो," मॅडम आतून म्हणाल्या. "तेच हाय."